मिठाच्या पाण्याचा पिंजरा

विमल वानखेडे या बाईंना मी बसलेलं एकदाच पाहिलं. इंदूरच्या एका फार्मसी कॉलेजात आम्ही बरीच वर्षं बरोबर होतो. स्टाफरूममध्ये प्रत्येकाची खुर्ची ठरलेली होती, पण बाईंच्या खुर्चीत कायम आमच्या छत्र्या आणि भाजीच्या पिशव्या बसलेल्या असत. बाई स्वतः खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत. वर्गातही तेच चाले. त्यांच्या तासाला वही लिहून होते, पण मान दुखते, असं मुलं म्हणायची.

बाई महूच्या. वडील फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी लेकीला दोनच गोष्टी शिकवल्या असाव्यात, एक वेळेवर पोचणं आणि दुसरी, कुणी काही म्हणालं की ते तसंच्या तसं मान्य न करणं. दुसऱ्या गोष्टीचा त्रास आम्हाला रोज व्हायचा. मी मोठ्या खुशीत म्हणावं, "आज पोहे मस्त झालेत!" की खिडकीकडून प्रश्न यायचा, "कशाच्या मानाने?"

"कशाच्या म्हणजे? मस्त आहेत."

"कालच्या मानाने, की उपाशी असल्याच्या मानाने? जोगळेकर सर, तुम्ही सकाळपासून काही खाल्लेलं नाही. तुम्हाला आज भुसा पण मस्त लागेल."

पोह्यांवरचा जीरावण मसाला घशात अडकायचा. कुणी म्हणालं यंदा गरमी फार आहे, नवा प्राचार्य चांगला आहे, मुलगी गोरी आहे, तरी बाईंचा प्रश्न ठरलेला. गोऱ्या मुलीच्या वेळी तर त्या प्रश्नाला धार यायची. आम्ही चिडायचो, मग त्यांची नक्कल करायचो, आणि काही दिवसांनी लक्षात आलं की घरी बायकोलाही मी तेच विचारू लागलोय. बायकोने त्याचं उत्तर जेवणातून दिलं.

बाई शिकवायच्या औषधशास्त्र, म्हणजे औषध शरीरात जाऊन काय करतं ते. मी झाडपाल्याची औषधं शिकवायचो, त्यामुळे माझे विद्यार्थी आणि माझी झाडं दोन्ही जागच्या जागी असत. बाईंचा सगळा संसार मात्र हलता. कॉलेजच्या मागच्या अंगाला ॲनिमल हाउस होतं, तिथे त्यांचे पांढरे उंदीर. पीएच.डी.चा त्यांचा विषय त्यांनी मला एकदा चालता चालता समजावला. जीव घाबरला, धास्तावला की अंगात एक हार्मोन वाढतं. ते हार्मोन तयारच होऊ द्यायचं नाही, असं एक औषध आहे. दुसऱ्या बाजूला कॅफीन, जे दिलं की प्राणी चळवळ करू लागतो. आता आधी हार्मोन अडवलं आणि मग कॅफीन दिलं, तर ती चळवळ तेवढीच राहते की कमी होते? एवढाच प्रश्न. त्यासाठी उंदरांचे चार पिंजरे. एकाला दोन्ही औषधं, एकाला नुसतं कॅफीन, एकाला नुसतं हार्मोन अडवणारं, आणि चौथ्याला काहीच नाही. काहीच नाही म्हणजे सुई तीच, टोचणंही तसंच, पण सुईत मिठाचं पाणी.

"त्या चौथ्यांना कशाला टोचता बिचाऱ्यांना?" मी विचारलं.

"सर, तेच तर माझं 'कशाच्या मानाने' आहे."

सुई दिल्यावर उंदीर एका काळ्या पेटीत सोडायचा. पेटीत प्रकाशाचे किरण आडवे सोडलेले. उंदराने किरण ओलांडला की वरचं यंत्र टक् करून आकडा पुढे सरकवायचं. जितका उंदीर अस्वस्थ तितके टक्-टक् जास्त. त्या पेटीशेजारी बाई येरझाऱ्या घालत असायच्या, आणि मला नेहमी वाटायचं की यांनाच एकदा पेटीत सोडून बघावं.

स्वतः बाई चहा घेत नसत. इंदुरात राहून चहा न घेणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. "जे मी त्यांना मोजून टोचते ते स्वतः न मोजता कसं पिऊ?" असं त्या म्हणायच्या. दुपारी चहाच्या वेळी सगळं कॉलेज कँटीनकडे लोटायचं, तेव्हा बाई लायब्ररीत जायच्या, परत येऊन उंदरांना सुया द्यायच्या आणि मग पेटी लावायच्या. त्यांचं घड्याळ असं आखलेलं होतं.

दिवस तसे सगळ्यांच्याच अस्वस्थपणाचे होते. कॉलेजच्या मागे एका मिलची भिंत होती. भोंगा झाला की आमचा तास संपायचा, घंटा वाजवणारा शिपाई नावालाच. मग एके दिवशी भोंगा झाला नाही. दुसऱ्या दिवशीही झाला नाही. शहरातल्या मिला एकेक करून अशाच गप्प झाल्या. मिलमध्ये घाम गाळलेली माणसं चौकाचौकात हात मागे बांधून उभी दिसायला लागली, आणि दुसरीकडे पीथमपूरला नवे कारखाने, पलासियाला नव्या कंपन्यांच्या पाट्या, आमची पोरं टाय बांधून बॅग घेऊन डॉक्टरांच्या दारात. एका औषध कारखान्याने बाईंनाही बोलावणं पाठवलं होतं. बाई गेल्या नाहीत. त्यांना शिकवायचं होतं. कॉलेजात त्यांची नोकरी कच्ची होती, दर वर्षी नव्याने नेमणूक. पक्की जागा एकच निघणार होती आणि ती पीएच.डी. असलेल्यालाच मिळणार होती. वडिलांचं वय झालेलं, धाकट्या भावाचं शिक्षण चालू. थीसिस वेळेत गेला तर बाईंचं सगळं मार्गी लागणार होतं, आणि हे कॉलेजातल्या झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याच सुमारास शंकरराव आले. बंद पडलेल्या मिलच्या सूतखात्यातला हा माणूस, मराठीच, पण तीन पिढ्या इंदूरच्या. ॲनिमल हाउसची साफसफाई आणि दाणापाणी यासाठी माणूस हवा होता, बाईंनी त्यांना ठेवून घेतलं. बाईंचे प्रयोग सुरू व्हायला आणि शंकरराव यायला एकच गाठ पडली.

बाईंची शिस्त कडक. उंदीर नाकाने जगतो, नवा वास आला की त्याची चाल बदलते, म्हणून ॲनिमल हाउसमध्ये अत्तर बंद, उदबत्ती बंद, केसांना वासाचं तेल बंद. पायात रबरी चपला. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. आदल्या दिवशी राजवाड्यासमोरून गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, गेली होती, पाण्याच्या तोफा, गुलालाचे ढग, मी त्यात पुरता न्हाऊन निघालो होतो. घरी तीनदा अंघोळ केली, कानामागचा हिरवा रंग तेवढा राहिला. तराजू मागायला ॲनिमल हाउसच्या दारात गेलो तर बाईंनी तिथूनच हात केला.

"थांबा! आत नको. तुम्हाला गुलालाचा वास येतोय."

"मॅडम, अहो अर्ध्या इंदूरला येतोय."

"अर्धं इंदूर माझ्या पिंजऱ्यात नाही ना."

तराजू मला दाराबाहेर आणून देण्यात आला. शंकरराव मागे उभे राहून हसत होते.

महूला चौदा एप्रिल, जयंतीचा दिवस, म्हणजे पाय ठेवायला जागा नसते. बाईंच्या घरी गावोगावचे पाहुणे, अंगणात चुली पेटलेल्या. त्या दिवशीही बाई पांढरी साडी नेसून इंदूरला हजर झाल्या, उंदरांना सुया दिल्या, पेटीचं काम उरकलं आणि तशाच बसमध्ये लटकत परत गेल्या. मी म्हटलं, "एक दिवस नसतं केलं तर?" त्या म्हणाल्या, "सर, सण माझा आहे, उंदरांचा नाही." अशा माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

आणि निकाल तर असा आला की आमच्या विभागप्रमुख सक्सेना सरांनी पेढे मागवले. झालं होतं असं, की नुसतं हार्मोन अडवणारं औषध दिलेले उंदीर मिठाच्या पाण्याच्या उंदरांपेक्षा कितीतरी शांत निघाले. कॅफीन वगैरे काही न देताच शांत! म्हणजे साध्या, रोजच्या बेचैनीवरच हे औषध चालतं की काय? बाईंनी सेमिनारमध्ये हे आकडे दाखवले तेव्हा टाळ्या पडल्या. पीथमपूरच्या कारखान्याचे एक साहेब आले होते, त्यांनी पुढे येऊन हात मिळवला. सक्सेना सर तर तरंगतच होते. "विमलजी, आप तो कमाल करती हैं! ऐसा रिज़ल्ट किसी के नसीब में होता है क्या?"

बाईंचा चेहरा मात्र मुलगी सासरी पाठवल्यासारखा. त्या दिवसांत त्यांच्या येरझाऱ्या वाढल्या. मला व्हरांड्यात गाठून म्हणाल्या, "सर, बाकी आकड्यांचं काही नाही. पण मिठाच्या पाण्याचे उंदीर मला बरोबर वाटत नाहीत. जरा जास्तच चळवळे आहेत."

"कशाच्या मानाने?" मी संधी साधली.

त्या हसल्या नाहीत. "तेच तर. त्यांना ज्याच्या मानाने बघावं असं माझ्याकडे दुसरं काहीच नाही."

त्यांनी दाणे तपासले, पाणी तपासलं, पिंजऱ्यांच्या जागा बदलून पाहिल्या. काही सापडलं नाही. सक्सेना सरांनी दटावलं की आता शंका पुरे, टाइप करायला द्या. थीसिस टाइप झाला. कृष्णपुऱ्याला राजघराण्याच्या समाधी-छत्र्यांच्या जवळ एक बाइंडर होता, त्याच्याकडून काळ्या रेक्झिनच्या, सोनेरी अक्षरांच्या प्रती मी स्कूटरवरून घेऊन आलो. माझ्या घराच्या वाटेवर नव्हतं, पण आनंदाचं ओझं होतं, म्हणून मीच मागून घेतलं होतं.

दुपारची चहाची वेळ. लायब्ररीला कुलूप होतं, लायब्रेरियनच्या घरी लग्न होतं, म्हणून बाई व्हरांड्यातच भेटल्या. प्रती हातात घेऊन त्या क्षणभर थांबल्या, सोनेरी नावावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "चला, आधी यांना दाखवू," आणि ॲनिमल हाउसकडे निघाल्या. त्या वेळेला त्या तिकडे कधीच जात नसत.

आत तीन पिंजऱ्यांतले उंदीर एकमेकांच्या अंगावर पडून झोपले होते. दिवसा उंदीर झोपतोच. चौथा पिंजरा मिठाच्या पाण्याचा. त्यातले सगळे उंदीर मागच्या पायांवर उभे, पुढचे पंजे जाळीला धरलेले, नाकं वर. एका रांगेत.

"हे कुणाची वाट बघताहेत?" बाई हळूच म्हणाल्या.

दार ढकलून शंकरराव आले. एका हातात कप-बशी, दुसऱ्या हातात टोस्ट. आम्हाला बघून बिचकलेसुद्धा नाहीत.

"अरे मॅडमजी! आज लायब्री नाही गेल्या?"

"शंकरराव, हे काय?"

"चहा-टोस. अपना ही है, कॉलेजचा नाही." त्यांनी टोस्ट चहात बुडवला, तुकडे केले आणि जाळीतून आत सरकवले. उंदीर तुटून पडले. "बघा ना मॅडमजी, बाकी सबको तुम्ही दवाई देता. ये बिचाऱ्यांना खाली नमक का पानी. सुई तर तेवढीच टोचते ना? मिलमधे मी पण दोन साल बदलीवाला होतो. रोज गेटवर जायचं, नाव पुकारलं तर काम, नाही तर वापस घरी. आमचा काम वाटणारा जॉबर मोठा भला माणूस. काम नाही दिलं तरी चहा पाजल्याबगैर कुणाला जाऊ नाही द्यायचा. म्हणून म्हटलं, आपल्या कपातला थोडा ह्यांना पण."

"कधीपासून देताय?"

"पहिल्या दिवसापासून. एक दिवस नागा नाही."

ॲनिमल हाउसमध्ये दाण्याची पोती रचलेली होती. बाई त्यांतल्या एका पोत्यावर बसल्या. थीसिसच्या प्रती मांडीवर. मी त्यांना बसलेलं पाहिलं ते हेच.

चहातही कॅफीनच की. ज्यांना काहीच द्यायचं नव्हतं ते रोज चहा पिऊन पेटीत उतरत होते, आणि त्यांच्या मानाने औषधवाले उंदीर शांत वाटत होते. औषधाने कुणाला शांत केलंच नव्हतं. गुलालाचा वास दारातून ओळखणाऱ्या बाईंना चहाचा वास आला नाही, कारण इंदुरात चहाचा वास कुणाला येतो? तो हवेतच असतो. मला त्या वेळी शंकररावांचा असा संताप आला की कप हिसकावून भिंतीवर फोडावा. चांगुलपणाने एवढं नुकसान केलेलं मी दुसरं पाहिलेलं नाही.

बाईंनी कपाकडे बोट केलं. "साखर घालता?"

"घालतो ना. फीका चहा कोण पिणार?"

बाईंनी मान हलवली. मग शंकररावांना समोर बसवून त्यांनी सगळं समजावलं, जे मला चालता चालता समजावलं होतं तेच, पण सावकाश. चौथ्या पिंजऱ्याला काही देत नाहीत ते तो कमी प्रतीचा म्हणून नव्हे. बाकी तिघांना काय झालं ते त्या चौथ्याकडे बघूनच कळतं. शंकररावांचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे मी ह्यांचं काम बिघडवलं?"

"हो," बाई म्हणाल्या. गोड बोलून वेळ मारून नेणं त्यांना जमत नसे. "पण हे मी तुम्हाला पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. ह्यांना काही द्यायचं नाही एवढंसुद्धा मी बोलले नाही, मग का नाही द्यायचं ते कुठलं सांगणार? चूक माझी. आता परत करायचं. तुम्ही आणि मी."

शंकररावांनी गमछ्यात तोंड लपवलं.

संध्याकाळी सक्सेना सरांच्या खोलीतून आवाज बाहेर येत होते. मी बाहेरच उभा होतो, खोटं कशाला सांगू, कान लावून. "अरे, चाय की दो बूँद से क्या होता है? किसको पता चलेगा? इंटरव्यू सिर पर है, आपकी उमर निकल जाएगी!"

"सर, माझा अख्खा थीसिस त्या दोन थेंबांवर उभा आहे."

"किसने पिलाई? नाम बताइए, आज ही निकालता हूँ उसको."

"नाव सांगणार नाही. ॲनिमल हाउसची जबाबदारी माझी आहे."

शंकररावांची नोकरी राहिली. बाईंनी थीसिस सादर केला नाही. इंटरव्ह्यूला त्या गेल्याच नाहीत. जागा दुसऱ्याला मिळाली, माणूस वाईट नव्हता, पण स्टाफरूममध्ये त्याला खुर्ची दिली गेली ती बाईंची, आणि आमच्या पिशव्या जमिनीवर आल्या. त्या दिवशी मला पोहे गेले नाहीत. सोनेरी अक्षरांच्या प्रतींपैकी दोन ॲनिमल हाउसच्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली गेल्या. बाईंनी स्वतःच सरकवल्या. जाडी अगदी बरोबर बसली.

प्रयोग पुन्हा झाला. या खेपेला शंकरराव चौथ्या पिंजऱ्यावर नागासारखे बसले. चहा प्यायचे ते अंगणात, नळावर चूळ भरून मगच आत. चहाची चटक लागलेले जुने उंदीर बाईंनी वेगळे ठेवले, त्यांचा टोस्ट रोज थोडा थोडा कमी करत बंद केला. नवा निकाल अगदी साधा आला. नुसत्या औषधाने उंदरांना काही होत नाही. आधी औषध आणि मग कॅफीन दिलं तर चळवळ जराशी कमी होते, जराशीच. पेढे कुणी मागवले नाहीत. बाई मात्र तो कागद घेऊन व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ पळत आल्या होत्या. "सर, थोडा फरक आहे! थोडाच आहे, पण आहे!"

पीएच.डी. मिळाली तोवर कॉलेजने कच्च्या नेमणुका बंद केल्या होत्या. बाई गेल्या. निरोप समारंभात भाषणं झाली, बाई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या.

त्यानंतर त्या मला एकदाच भेटल्या, पलासियाच्या चौकात. चौक आता ओळखू न येण्याइतका बदललेला, बँका, दवाखाने, आणि मजल्या-मजल्यावर कोचिंग क्लास. त्यातल्याच एका क्लासात बाई जीवशास्त्र शिकवत होत्या. केस पांढरे झाले होते, पायात मात्र त्याच रबरी चपला. राजेंद्र नगरला आहात ना अजून, वहिनी कशा आहेत, असं सगळं विचारून झालं. नंतर त्या म्हणाल्या, "आणि शंकरराव?"

मी सांगितलं, अजून ॲनिमल हाउसमध्येच आहेत. नवीन पोरं आली की आधी चौथ्या पिंजऱ्यापाशी नेतात आणि बजावतात, "ह्यांना काही देऊ नका बेटा. ह्यांना काही नाही मिळालं, तरच बाकीच्यांना काय मिळालं ते कळतं."

बाई भर चौकात थबकल्या. मागचा स्कूटरवाला ओरडला, "मैडमजी, हटो भिया!" तरी हलल्या नाहीत. डोळे पुसले आणि मग हसल्या.

मला राहवलं नाही. इतकी वर्षं पोटात होतं ते विचारून टाकलं. "मॅडम, त्या दिवशी थीसिस देऊन टाकला असता तर बरं झालं असतं, असं कधी वाटतं का?"

"कशाच्या मानाने?" त्या म्हणाल्या, पण या वेळी धार नव्हती, खरोखरच विचारल्यासारखं. "ती दुसरी विमल वानखेडे कुठे आहे सर, जिने तो देऊन टाकला? ती शेजारच्या पिंजऱ्यात असती तर बघून सांगितलं असतं."

तेवढ्यात नगर सेवेची बस आली आणि बाई चढल्या. दुपारची बस, अर्धी रिकामी. "बैठ जाओ मैडम, सीट खाली है," कंडक्टर म्हणाला. बाईंनी दांडी धरली आणि खिडकीतून मला हात केला.

त्या दुसऱ्या विमलबाईंना मी नंतर पुष्कळदा डोळ्यांपुढे आणून पाहिलं. पक्की नोकरी, भिंतीवर चौकटीतला सन्मान, टेबलामागे मोठी फिरती खुर्ची. खुर्चीपर्यंत सगळं नीट दिसतं. पण त्या खुर्चीत बाईंना बसवायला गेलो की त्या उठून खिडकीकडे चालू लागतात.